कापडापासून मागं

इकबाल, मी आपला कॉम्प्युटर बंद पाडला.

पडला नाही, पाडला. वीज गेली नव्हती, उंदरानं वायर कुरतडली नव्हती. मी स्वतः, दिवसाउजेडी, चष्मा लावून, नवा स्क्रूड्रायव्हर विकत आणून पाडला. तुला जाऊन महिनाही झाला नव्हता. तू असतास तर इथंच मला थांबवून, शेजारच्या लूमच्या खडखडाटावर ओरडून विचारलं असतंस, "पन हात कायकू लगाया बे?" आणि मी उत्तर द्यायच्या आत शर्टाच्या बाह्या वर केल्या असत्यास.

आता बाह्या वर करणारं कुणी नाही, म्हणून सगळं सविस्तर सांगतो. मधे बोलू नको. तशी तुझी आता सोय नाही, पण सवयीनं म्हटलं.

आपला कॉम्प्युटर सकाळी उठायला किती वेळ घ्यायचा, तुला माहीत आहे. बटण दाबायचं, तू कोपऱ्यावरून चहा आणायचास, आपण अर्धा अर्धा प्यायचो, कालचं भांडण जिथं राहिलं तिथून पुढं चालू करायचो, आणि एखादा मुद्दा निकालात निघतोय असं वाटलं की नेमका पडदा उजळायचा. तू म्हणायचास, "उठले साहेब." मी दोन वर्षं तुझ्या मागं लागलो होतो, की ह्याला नवी रॅम घालू, नवं कार्ड घालू, हा लई म्हातारा झालाय. तुझं एकच, "चलता है ना? नक्को छेड."

तू गेल्यावर मी गाळ्यात पहिल्यांदा आलो, बटण दाबलं आणि बसलो. बसलो तर बसलोच. चहा आणायला मीच गेलो, मीच प्यालो, तरी साहेब उठले नव्हते. तो वेळ मला खायला उठला, बघ. रोज सकाळी तेवढा वेळ तुझ्या खुर्चीकडं न बघता काढायचा म्हणजे काय, हे मी कुणाला सांगणार? त्यापेक्षा मशीनच लवकर उठणारी करावी, असं ठरवलं. माणसं दुःखात देवळात जातात, दर्ग्यात जातात. मी कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं विचारलं, "काम काय करता?" म्हटलं, डिझाइन. एवढं ऐकल्यावर त्यानं रॅमसोबत ग्राफिक्स कार्डही माझ्या गळ्यात मारलं. टॉवेल-चादरीची नक्षी चौकोनावर चौकोन रंगवून काढायची, लूमवर ती विणणाऱ्या जकार्डला द्यायची, एवढं आपलं काम. त्याला ते कार्ड म्हणजे सायकलीला ट्रकचं इंजिन. पण त्या कार्डाला पंखा होता आणि पंख्यात निळा दिवा होता. निळा दिवा बघितल्यावर माझं काय होतं, ते तुला ठाऊक आहे.

गाळ्यात येऊन कॅबिनेट उघडलं. आत काय होतं सांगू? एक उशी होती. ह्या लाइनीतल्या सगळ्या लूमची उडालेली रुई आपल्या कॉम्प्युटरच्या पोटात जाऊन बसलेली. मी ती ओंजळीनं काढली. मग ब्लोअर मारला. मग जुनी रॅम काढून नवी घातली. मग कार्ड बसवलं. आणि साफसफाईच्या भरात, पंख्याच्या वायरीजवळ एक काडेपेटीची काडी खोचलेली दिसली, ती कचरा म्हणून काढून टाकली.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तुझा नियम. मी एका वेळी चार बदलल्या. बटण दाबलं. आतला पंखा फिरला. कार्डाचा पंखा फिरला, निळा दिवा लागला, मी खूष. आणि पडदा काळा. काळ्या पडद्यावर एक छोटी चौकट हिंडत होती, ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. तिच्यात लिहिलेलं, नो सिग्नल.

मी बंद केला, चालू केला. बंद केला, चालू केला. कॅबिनेटच्या डोक्यावर थाप मारली, जशी तू मारायचास. मग लक्षात आलं की तू ती थाप फक्त गिऱ्हाईक समोर असताना मारायचास.

तेव्हाही मला भीती वाटली नव्हती. भीती दुसऱ्या दिवशी वाटली, भाभींचा फोन आला तेव्हा.

रुक्साना भाभी म्हणाल्या, "भाऊजी, एक काम होतं. हे शेवटी काहीतरी नॅपकीनचं करत होते ना? मला एवढंच म्हणाले होते, की पाहुण्यांसाठी नॅपकीन काढतोय, तुझे पडदे वाचतील."

मला हसू आलं. तुमच्या घरी कुठलंही कार्य असलं, की दालचा-खाना व्हायचा, आणि माणसं हात धुऊन, इकडं तिकडं बघून, गुपचूप भाभींच्या पडद्याला पुसायची. तू दरवर्षी चिडायचास. टॉवेलच्या गावात राहून लोक पडद्याला हात पुसतात, म्हणायचास.

"तर ते डिझाइन," भाभी म्हणाल्या, "त्याचे नॅपकीन निघतील का? चाळिसाव्याला जेवायला सगळे येतील. त्यांच्या हातात ह्यांच्या हातचं काहीतरी असावं. बाकी मला काही नको."

मी म्हणालो, "निघतील की! काम चालू आहे, भाभी."

काम चालू आहे. फक्त कॉम्प्युटर बंद आहे.

पूर्ण झालेली डिझाइनं आपण पेनड्राइव्हवर घालून लूमकडं पाठवतो. अपुरी राहिलेली डिझाइनं फक्त त्या डब्यात. तुझं शेवटचं अपुरं होतं. म्हणजे ते जगात एकाच ठिकाणी होतं, आणि त्या ठिकाणी मी ब्लोअर मारला होता.

पुढचे दिवस मी जो तपास केला, इकबाल, तसा तपास कुठल्या ठाण्यात होत नसेल. पहिला संशय रॅमवर. ती काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, पुन्हा बसवली. काळा पडदा. जुनी रॅम आणली, तीही घासली, बसवली. काळा पडदा. परत नवी घातली. मग बोर्डावरचा बटणासारखा सेल काढून ठेवला, जेवण करून आलो, परत बसवला. काळाच. विजेची जाड वायर सगळीकडून उपसली आणि खोचली. सगळ्यांची चौकशी केली, एकट्या नव्या कार्डाची केली नाही. का? तर त्याचा पंखा फिरत होता, दिवा जळत होता, बिचारं इतकं मनापासून काम करत होतं. शिवाय ते ज्या खाचेत बसलं होतं, तिला मागून एक कळ होती आणि ती माझ्या हातून तुटेल अशी मला खात्री होती.

मग एकदम ती काडी आठवली.

म्हटलं, ही काडी कचरा नव्हती. ही इकबालनं ठेवलेली काडी. ह्या माणसानं उगाच काडी ठेवली नसणार, सगळा कॉम्प्युटर हिच्यावरच उभा असणार. मी कचऱ्याची टोपली पालथी केली. टोपलीत रुई, चहाचे कागदी कप, आणि काड्या, एक नाही, पुष्कळ. कारण तू दिवसभर कान कोरायचास. आता त्यातली कॉम्प्युटरची कुठली आणि कानाची कुठली? मी शहाणपणा करून नवी काडेपेटी आणली आणि एक कोरी काडी अंदाजानं खोचली. आधी गुल असलेली. मग विचार केला, आग लागेल. मग गुल मोडून.

काळा पडदा.

शेवटी शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्यानं विचारलं, "चालू केल्यावर बीप येतो का?"

"काय?"

"बीप! बीप!"

"अहो, दोन्ही बाजूंना लूम चालू आहेत. मला माझाच आवाज येत नाही."

"मग कॅबिनेट घेऊन या. फॉरमॅट मारून देतो, एकदम नवा होईल."

मी म्हटलं, "आतलं राहील का?"

"फॉरमॅट म्हटल्यावर आतलं कसं राहील काका?"

मी फोन ठेवला. त्या माणसाची चूक नाही. त्याला सगळ्या रोगांवर एक औषध माहीत, आणि ते बहुतेकांना लागू पडत असेल. पण मी दिवसभर ते कॅबिनेट मांडीवर घेऊन बसलो होतो, कुणी ओढून नेईल असं.

तुला एक प्रामाणिकपणे विचारतो. तू असतास तर कुठून सुरुवात केली असतीस?

हे मी उगाच विचारत नाही. आपलं सगळ्यात जुनं भांडण हेच होतं. कापडावर रेघ आली, म्हणजे कुठंतरी उभा धागा तुटला. तू म्हणायचास, रेघ दिसते तिथं बोट ठेव आणि मागं मागं जा. कापडापासून फणीपर्यंत, फणीपासून पुढं, जिथं धागा नाही तिथं थांब. मी म्हणायचो, असलं गवंडीकाम मला सांगू नको, मूळ बघायला पाहिजे, बीमपासून सुरू केलं पाहिजे, धागा जिथून निघतो तिथून. तू म्हणायचास, "बीम पे हजारों धागे हैं बे. कापडावर रेघ एकच आहे." मी म्हणायचो, मूळ ते मूळ. कधी तुझ्या वाटेनं धागा आधी सापडायचा, कधी माझ्या. म्हणून तर भांडण टिकलं. आणि तू काही फार मोठा शहाणा नव्हतास, तेही ह्या निमित्तानं नोंदवून ठेवतो. पोपटी आणि पिस्ता ह्यातला फरक तुला मरेपर्यंत कळला नाही. दुधनीच्या त्या व्यापाऱ्याच्या चादरी पोपटीऐवजी पिस्ता रंगात विणून आल्या, तेव्हा "उन्हात ठेवा, उतरेल" असं सांगणारा तूच.

तर मी बीमपासून निघालो होतो. भिंतीतल्या सॉकेटपासून. तिथून इंच इंच पुढं सरकत होतो आणि हजार धाग्यांत अडकलो होतो.

ह्या मधल्या काळात भाभींचा पुन्हा फोन आला. "झालं का भाऊजी?" मी म्हणालो, "शेवटचा हात फिरवतोय." कशावर फिरवतोय ते सांगितलं नाही. शेजारच्या गाळ्याच्या मालकांनी लूम द्यायचं कबूल केलं होतं, बीम चढवून ठेवलं होतं, सूत आलं होतं. सगळं जग तयार होतं. मी रोज घरी जाताना ठरवायचो, की उद्या भाभींकडं जाऊन सांगायचं, गेलं म्हणून. माझ्या हातून गेलं. आणि रोज सकाळी वाटायचं, एकदा अजून रॅम घासून बघू.

एका सुट्टीच्या दिवशी मी गाळ्यात गेलो. लूमला सुट्टी, लाइनीत कुणी नाही. म्हटलं, आज शेवटचं बघायचं आणि इथूनच भाभींकडं जायचं. काय बोलायचं तेही पाठ केलं होतं.

शटर उघडलं आणि मला कळेना, की चुकतंय काय. काहीतरी वेगळंच वाटत होतं. मग समजलं, शांत होतं. इतक्या वर्षांत मी ह्या गाळ्यात सुट्टीच्या दिवशी आलोच नव्हतो रे. आपण दोघं तिथं कधी साध्या आवाजात बोललोच नव्हतो. एक तर बोंबलायचो, नाहीतर हातवारे करायचो. चहा म्हणजे अंगठा तोंडाकडं. मालक आला म्हणजे मिशीवर बोट. आणि मी नक्षीत काढलेल्या गुलाबासाठी तुझी ती खूण, एका मुठीवरून दुसऱ्या हातानं एक एक पान सोलत जायची. कोबीचा गड्डा, तुझ्या भाषेत गोबी.

त्यावर येतो. आधी हे ऐक.

बटण दाबलं. पंखा फिरला, निळा दिवा लागला. आणि कॅबिनेटमधून आवाज आला, टी. एकच. बारीक, स्वच्छ. मी दचकून मागं सरकलो. पडदा काळा, चौकट हिंडतेय, नो सिग्नल. मी म्हटलं, झालं, प्राण गेला. हा शेवटचा हुंकार.

जाग्यावरून हललो नाही. हललो असतो तर चुकलो असतो. कारण थोड्या वेळानं, टेबलाखाली, रुईनं भरलेल्या आपल्या त्या जुन्या स्पीकरमधून सूर आला. विंडोज उठल्याचा सूर! टडांग-डांग-डांग. सावकाश, पूर्ण, एकही स्वर न गाळता. इकबाल, तो सूर आपल्या कॉम्प्युटरला आहे हेच मला माहीत नव्हतं. तुला होतं का? रोज सकाळी चहा पिताना आपल्या पायाशी तो वाजत असणार, आणि शंभर लूमच्या आवाजात आपण गोबीवरून भांडत असणार.

म्हणजे साहेब उठले होते. रोज उठत होते. मी बटण दाबून मारत होतो, ते पुन्हा उठत होते. मी रॅम घासली तेव्हा उठले, सेल काढला तेव्हा उठले, काडी खोचली तेव्हाही उठले. अंधारात आवरून बसत होते आणि मी त्यांच्या मयताची तयारी करत होतो.

मग मी, नाइलाजानं, तुझं ऐकलं. बघणारं कुणी नव्हतं म्हणून ऐकलं. रेघ कुठं दिसते? पडद्यावर. पडद्यावर बोट ठेवलं. पडद्याच्या मागं काय? केबल. निळ्या तोंडाची ती जुनी केबल मी चिमटीत धरली आणि धागा धरून जावं तसा तिच्यावरून बोट सरकवत मागं गेलो. टेबलाच्या कडेवरून खाली, कॅबिनेटच्या पाठीमागं, आणि बोट थांबलं. ती तिच्या जुन्याच जागी खोचलेली होती. बोर्डाच्या जुन्या भोकात. आणि तिच्याखाली, चार बोटांवर, नवं कार्ड आपलं रिकामं तोंड उघडून बसलं होतं. सगळं चित्र तिथून बाहेर पडत होतं आणि घ्यायला कुणीच नव्हतं.

आणि मॉनिटर पहिल्या मिनिटापासून सांगत होता बे. नो सिग्नल, माझ्याकडं काही येत नाही. ह्याहून स्पष्ट तो तरी काय बोलणार? मी त्यालाच अडाणी समजत होतो.

कार्ड बसवताना मला ते दिसलं कसं नाही, सांगतो. दिसलं होतं. कार्डाला निळ्या तोंडाचं भोक नव्हतं, चपट्या तोंडाचं होतं. मी म्हटलं, बसत नाही ना, मग असू दे जुन्या ठिकाणीच.

आता चपटी केबल पाहिजे. तू गोळा केलेल्या वायरींचं खोकं आठव. प्रत्येक वायर सुतानं बांधलेली, "फेकू नको, कामाला येते" म्हणून मला दहादा बजावलेलं. त्यात दोन होत्या. होत्या, म्हणतोय मी. साफसफाईच्या पहिल्याच झपाट्यात ते खोकं मी भंगारवाल्याला दिलं होतं. शेवटी घरी जाऊन टीव्हीची उपसून आणली. आमच्या घरी त्यावरून जे झालं ते तुझ्यापर्यंत ऐकू आलं असेल.

मॉनिटरला तसलंच एक भोक रिकामं होतं, तिथं आणि कार्डाला केबल लावली. पडदा उजळला. तू नक्षी काढायचास तो हिरव्या चौकोनांचा कागद पडद्यावर उघडाच सापडेल असं वाटत होतं, तसं काही नव्हतं, शोधावा लागला. फाइलचं नाव तू ठेवलं होतंस, पडदा बचाव.

आणि हो, मागोमाग आतून घर्र घर्र आवाज सुरू झाला. कॅबिनेट सरकवताना वायर खाली आली होती आणि पंख्याला घासत होती. ती काडी तेवढ्यासाठी होती. माझी काडी मी चुकीच्या ठिकाणी खोचली होती, ती काढून वायरीपाशी लावली. घरघर थांबली. एवढंच. मी तुझ्या त्या काडीवर सगळी इमारत उभी केली होती, आणि तू ती फक्त आवाज नको म्हणून ठेवली होतीस. ज्या गाळ्यात कॉम्प्युटरचा सूर ऐकू येत नाही, त्या गाळ्यात तुला पंख्याची घरघर ऐकू यायची? का तूही कधीतरी सुट्टीच्या दिवशी इथं येऊन बसायचास? मला कधी बोलला नाहीस. बसून काय करायचास रे?

फाइल उघडली. चारी बाजूंना काठ, बारीक, देखणा, तुझ्या पद्धतीचा. मधली जागा तुझ्या मताप्रमाणं कोरी असायला हवी होती. त्याच्यावरच तर आपलं दुसरं भांडण. तू म्हणायचास, माणूस हात मधे पुसतो, मधे नक्षी कशाला? मी म्हणायचो, मधे कोरं म्हणजे दवाखाना वाटतो, मधे गुलाब पाहिजे. मी काढलेला गुलाब. तू तो बघायचास, आणि मुठीवरची पानं सोलायचास.

मधे माझा गुलाब होता. अर्धा.

डावी बाजू होती, उजवी नव्हती. मधे सरळ कापल्यासारखा. आणि तेव्हापासून मी एकाच प्रश्नाला चिकटलोय, इकबाल. तू तो अर्धा काढला होतास, की अर्धा पुसला होतास?

काढत असणार, कारण तू कुठलीही नक्षी अर्धी काढून मग आरशासारखी उलटवायचास. म्हणजे तू हरला होतास. मला न सांगता, गपचूप, माझा गुलाब घालत होतास. पण मग एक दिसलं. खालच्या पाकळीत एक चौकोन चुकून बाहेर गेलाय, ती माझी चूक. तू काढला असतास तर ती आली नसती. म्हणजे तू माझ्या फाइलमधून आख्खा गुलाब उचलून आणलास आणि पुसायला घेतलास? की अर्धाच उचललास, उलटवायला? की आख्खा आणलास, बघितलास, नको म्हटलंस, आणि अर्ध्यावर तुला कुणी चहाला हाक मारली? ती हाक मारणारा मीच असणार. दुसरं कोण होतं तिथं.

मी उजवी बाजू भरून बघितली. ते माझं झालं. डावी पुसून बघितली. ते तुझं झालं, पण पुसणारा हात माझा. मागं घेतलं. शेवटी भाभींना गाळ्यात बोलावलं, पडदा दाखवला, आणि कॉम्प्युटर बंद पडल्यापासूनची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. तू काढत होतास की पुसत होतास हे त्यांनाही सांगता आलं नाही. "धंद्याचं ते घरी कधी आणायचे नाहीत," म्हणाल्या. मग पडद्याच्या जवळ गेल्या, गुलाब जिथं संपतो त्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "जसं आहे तसं काढा."

तसं काढलं. लूमवर पहिला नॅपकीन उतरला तेव्हा कापडावर एकही रेघ नव्हती. तुझ्या वतीनं मी बोट फिरवून बघितलं.

चाळिसाव्याला तुझं घर भरलं होतं. होटगीचे तुझे मामा आले होते, लाइनीतले लूम दुरुस्त करणारे जॉबर आले होते, दुधनीचे तेही आले होते, पिस्तावाले. दालचा-खाना झाला. माणसं हात धुऊन आली, सवयीनं पडद्याकडं वळली, आणि मी दारात उभा राहून प्रत्येकाच्या हातात नॅपकीन देत होतो. पडदा वाचला, इकबाल. पहिल्यांदा. लोकांनी हात पुसले आणि नॅपकीन नीट घडी करून खिशात ठेवले. धुवायलाही दिले नाहीत. मधे पुसले, तू म्हणालास तसे. ते मी बघितलं. पण गुलाबाच्या बाजूनं धरून पुसले, तेही बघितलं.

सकाळी आता कॉम्प्युटर पटकन उठतो. चहा उरतो.

त्या चाळिसाव्याला सगळे गेल्यावर मी तुझ्या अम्मांपाशी जाऊन बसलो. त्यांना दिसतं कमी, बोटांनी चाचपतात. तुझ्या-माझ्या भांडणातलं त्यांना काहीएक ठाऊक नाही. माझा गुलाब त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी नॅपकीन मांडीवर पसरला, काठावरून बोट फिरवलं. मग मधे आल्या. अर्ध्या गुलाबावर बोट ठेवून, डोळ्यांजवळ नेऊन, नीट निरखून बघितलं. म्हटलं, आईला कळेल. काढत होता की पुसत होता, आईच्या बोटाला कळेल.

अम्मा म्हणाल्या, "कपडा अच्छा है बेटा. पन ये आधी गोबी कायकू डाल्या?"